ओबिरीसरांचं गोगलगाय-प्रकरण

आमच्या ओबोसो गावात निवृत्त माणसाने कोंबड्या पाळायच्या असतात. तसा कायदा नाही, पण रिवाज कायद्याहून कडक आहे. बँकेतला असो की टपालातला, निरोपसमारंभाचा केक संपायच्या आत त्याच्या परसात जाळी ठोकली जाते, पुढच्या हार्मटनच्या कोरड्या वाऱ्यात कोंबड्यांना रोग येतो, कोंबड्या जातात, आणि मग तो माणूस चर्चच्या कमिटीवर येतो. सगळं ठरलेलं. सेथ ओबिरी या क्रमातून निसटले आणि तिथूनच त्यांचे हाल सुरू झाले.

ओबिरीसर मुलींच्या माध्यमिक शाळेत जन्मभर भूगोल शिकवून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मुख्याध्यापक का झाले नाहीत, हा विषय त्यांच्या घरात कुणी काढत नाही, तेव्हा आपणही काढायला नको. निरोपाला शाळा फ्रिज देते. पण त्या वर्षी शिक्षकसंघाच्या चिटणिसाच्या मेव्हण्याचं राजधानी अक्रातलं दुकान बंद पडत होतं, म्हणून सरांना फ्रिजऐवजी फिश टँक मिळाला. खाली वाळू, वाळूत रोवलेल्या पाणवनस्पती, झाकणात दिवा आणि आत काही लाल मासे. भाषणात मुख्याध्यापिका म्हणाल्या की सरांच्या शांत स्वभावाला ही भेट फार साजेशी आहे. हे वाक्य सरांनी घरी आल्यावर उलटसुलट करून तपासलं. त्यात कुठेतरी टाचणी होती, पण सापडत नव्हती.

मासे आठवडाभरात गेले. वीज गेली की हवेचा पंप बंद, आणि वीज जाण्याच्या बाबतीत आमच्या गावात नियमितपणा आहे. शेवटचा मासा पपईखाली पुरून सर आत आले, टँक उपसायला बादली घेतली, तेवढ्यात एका रुंद पानामागून सुपारीएवढी पिवळी गोगलगाय बाहेर आली. रोपांच्या मुळ्यांत लपून आलेली असणार. ती काचेवर चढू लागली. सर बादली घेऊन उभे. ती पार वर पोचली, पाण्याबाहेर एक बारीकशी नळी काढून तिने दम घेतला आणि हात सुटल्यासारखी धपकन वाळूवर पडली. जरा पडून राहिली. मग पुन्हा चढायला लागली.

सरांनी बादली खाली ठेवली.

त्यांची बायको डोरकासबाई सरकारी इस्पितळाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात मेट्रन, अजून नोकरीत. मुलगा टोरांटोत, मुलगी उत्तरेला तमालेत. सकाळी बाई बाहेर पडल्या की संध्याकाळपर्यंत त्या घरात हालचाल अशी नव्हतीच. आता होती. फार नव्हती, पण होती.

पुढे दुसरी गोगलगाय सापडली आणि सरांच्या मनाने घेतलं की यांची पिल्लावळ वाढवायची. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही. लोकांनी विचारलं ते वेगळंच. आमच्याकडे गोगलगाय म्हटली की पामफळांच्या लालभडक रश्श्यातली, तळहाताएवढी, जंगलातली. त्यामुळे शेजारचे तेत्ते टँकपुढे वाकले, चष्मा वर सरकवून त्यांनी बघितलं आणि विचारलं, "यात किती जणांचं भागणार?"

तेत्ते निवृत्त भूमापक. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे आपल्या कुंपणापलीकडचंही आपल्याच अखत्यारीत येतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"या खायच्या नाहीत," सर म्हणाले.

"सगळं खायचंच असतं, सेथ. कधी, एवढाच प्रश्न. आणि यांची कवचं बघ. खड्डे पडलेत. पाणी पावसाचं आहे ना? त्यात चुना नाही. अंड्याची टरफलं घाल. मी देतो."

कोंबड्या पाळणाऱ्यांकडे अंडी नसली तरी टरफलं असतात. तेत्ते रोज सकाळी मूठभर टरफलं आणि पोतंभर सल्ला घेऊन येऊ लागले. टरफलांचा उपयोग झाला हे सरांनी कधी कबूल केलं नाही, पण कवचं गुळगुळीत झाली आणि एके दिवशी पाण्याच्या वर, झाकणाखालच्या काचेवर, कुणी मक्याच्या कणसाचा तुकडा चिकटवावा तसा गुलाबी अंड्यांचा पुंजका दिसला. सरांनी दिवसभरात त्याच्याकडे जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा स्वतःच्या मुलांच्या पाळण्यात डोकावल्याचं त्यांना आठवत नव्हतं. शनिवारी डोरकासबाईंनी साफसफाई काढली आणि तो पुंजका ओल्या फडक्याने पुसून टाकला.

"ती अंडी होती," सर म्हणाले.

"काचेवर डाग होता, टीचर."

"डाग गुलाबी असतो का?"

"माझ्या वॉर्डात या. दाखवते."

इथे सांगितलं पाहिजे की डोरकासबाई वाईट नव्हत्या. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे त्या दोनच भाग पाडत, स्वच्छ आणि अस्वच्छ, आणि निवृत्त नवरा नक्की कुठे बसवायचा ते त्यांचं अजून ठरत नव्हतं. दुसरा पुंजका दिसला तेव्हा मात्र त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, जवळ जाऊन मेट्रनच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाल्या, "दमट राहू द्या, भिजू देऊ नका." एवढं म्हणून ड्यूटीवर गेल्या. पिल्लं निघाली. राळ्याच्या दाण्याएवढी, पाठीवर घर घेऊनच आलेली, पानापानांवर. सर त्या दिवशी जेवायला विसरले.

याच सुमारास त्यांच्या आईकडच्या कुळाचे प्रमुख, नाना ओसेई, वारले. आमच्यात कूळ आईचं. कुळाचा प्रमुख म्हणजे जमिनीचे वाद, शनिवारी होणारे अंत्यविधी, भाच्यांची लग्नं, सगळं त्याच्या गळ्यात. माणूस त्याने पार पिचून जातो, आणि तरीही प्रत्येकाला ती जागा हवी असते. सरांना ती हवी होती. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण शाळेतला तो न काढायचा विषय त्यांच्या छातीत इतकी वर्षं बसलेला होता, आणि एकदा तरी कुणीतरी आपल्याला पहिल्या खुर्चीवर बसवावं असं त्यांना वाटत होतं. दुसरा उमेदवार त्यांचा मावसभाऊ डॉनकोर. तीन ट्रोट्रो गाड्या, म्हणजे खच्चून भरणाऱ्या प्रवासी व्हॅनी, आणि एक घसा, तोही तीन गाड्यांचा मिळून असल्यासारखा.

निवड जुन्या पद्धतीने कुळातल्या वडील बाईच्या शब्दावर होणार होती. ती म्हणजे मामे सेरवा, सरांच्या दिवंगत आईची धाकटी बहीण. गाव अक्येमच्या जंगलाच्या कडेला, वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र स्वच्छ.

डॉनकोरने प्रचार सुरू केला. "सेथ?" तो गाडीतळावर म्हणाला. "गोगलगाय नि पोटात पाय आहे तो. घरात काचेच्या पेटीत पाणी भरलंय, पाण्यात झाडं, वर दिवा. संध्याकाळी पडदा ओढून समोर बसतो. मी काही म्हणत नाही. तुम्हीच काय ते ओळखा."

लोकांनी ओळखलं. पाण्यात राहणारी, श्रीमंती देणारी आणि बदल्यात माणसाचं सुख नेणारी मामी वाटा आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर वडीलमंडळींपैकी एकाने सरांचा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "ब्रदर सेथ, घरी सगळं ठीक ना? पाण्यात दिवा लावता म्हणे."

"गोगलगाई आहेत," सर म्हणाले.

"हो, तसंच कानावर आलं," ते गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी हात सोडला नाही.

सरांना श्रीमंतीची चिन्हं दिसत नव्हती आणि सुख तर आधीच गेलेलं होतं, त्यामुळे आरोप दोन्ही बाजूंनी खोटा होता. पण प्रकरण वाढलं. कुणीतरी नगरपालिकेत कळवलं आणि एका सकाळी टंकासे दारात. आरोग्य निरीक्षकांना आमच्याकडे टंकासे म्हणतात. ते आले की बायका पाण्याची पिंपं झाकायला धावतात, कारण डासाची एक अळी दिसली की कोर्टात हजर राहण्याचा हुकूम निघतो. या टंकासे म्हणजे मिस आम्पोन्सा, सरांचीच जुनी विद्यार्थिनी. खाकी गणवेश, हातात बॅटरी.

"गुड मॉर्निंग, सर. हे काय आहे?"

"फिश टँक."

तिने बॅटरी आत फिरवली. "फिश कुठाय?"

"फिश नाही. गोगलगाई आहेत."

"मग हा फिश टँक नाही, सर. हे साठवलेलं पाणी आहे."

"लिडिया, तुला दिसतंय की यात झाडं आहेत, पंप आहे—"

"पंप बंद आहे."

"वीज नाही म्हणून."

"साठलेलं पाणी," मिस आम्पोन्सा म्हणाली आणि तिला खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसलं. "सर, व्याख्या ती व्याख्या. सरोवर आणि डबकं यांतला फरक तुम्हीच शिकवलात. मासे असले तर अळ्या खातात, ते नियमात बसतं. तुम्ही मासे टाका."

आपण आयुष्यभर व्याख्या पाठ करून घेतल्या त्याचं फळ असं दारात येऊन उभं राहील, हे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी तेत्तेंच्या ओळखीने तिलापियाची पिल्लं आणून टाकली. तिलापिया हा खाण्यासाठीच जन्मलेला मासा आहे, दोन्ही अर्थांनी. या माशांनी संध्याकाळपर्यंत कोवळी पानं संपवली, राळ्याएवढी पिल्लं अर्धीअधिक गिळली आणि मोठ्या गोगलगायींच्या मिशा कुरतडल्या. ती पहिली पिवळी, जी रोज वर चढून पडायची, ती कवचात शिरून दार लावून बसली. मग सरांनी मच्छरदाणीचा तुकडा शिवून टँकच्या मधोमध पडदा घातला. अलीकडे मासे, पलीकडे गोगलगाई. मिस आम्पोन्सा पुन्हा आली, तिने पाहिलं, विचार केला आणि म्हणाली, "सर, हा अर्धा फिश टँक आहे. उरलेला अर्धा साठवलेलं पाणी."

"मग मी काय करू?"

"अक्राला मोठ्या ऑफिसातून सूट मिळते म्हणतात. मिळालेला माणूस मी पाहिलेला नाही."

सर अक्राला जायची तयारी करत होते तेव्हाच मामे सेरवा आली. निमित्त मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. तारीख पुढल्या मंगळवारची, आणि इस्पितळ डोरकासबाईंचंच. पण डॉनकोरचं बोलणं तिच्या कानावर गेलेलं होतं, आणि सेथच्या घरात खरं काय आहे ते स्वतः बघून, म्हणजे जाणून, मगच शब्द द्यायचा असं तिने ठरवलं होतं, हे सगळ्या कुळाला माहीत होतं. तिच्याबरोबर केळी आली, मोमोनेचं पुडकं आलं, म्हणजे ती खारवून आंबवलेली मासळी जिचा वास माणसाच्या आधी घरात शिरतो, आणि पानांनी तोंड बांधलेली एक टोपली आली. टोपली तिने स्वतःच्या खाटेखाली ठेवली.

"कुठेय तुझं देवस्थान?" पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं.

सरांनी तिला हाताला धरून टँकपाशी नेलं. तिने बोटं पाण्यात बुडवली, चाचपत एका कवचावर नेली आणि तिथे ठेवली.

"एवढीशी?"

"या खायच्या नाहीत, मामे."

"मग कशाला?"

"बघायला," सर म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना वाटलं, हिच्यापाशी हे बोलायला नको होतं.

मामेने मान डोलावली. "आपली म्हातारी माणसं म्हणायची, गोगलगाय आणि कासव एवढेच असते तर रानात बंदुकीचा बार झाला नसता. शांत जीव. बरं केलंस. आता काय करतायत त्या, सांग मला."

सर खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. एक पानाच्या टोकावर गेली आहे, पान वाकलंय. दुसरी टरफलापाशी आहे. पिल्लं काचेवर, तिळासारखी. मामे ऐकत होती, मधेच विचारत होती, "आणि ती पडणारी?" कवचात बसलेली ती पिवळी दोन दिवसांनी बाहेर आली, चढली, पडली, तेव्हा सरांनी हाक मारून तिला सांगितलं आणि ती इतकी हसली की डोरकासबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी हे चालायचं. इतक्या महिन्यांत त्या गोगलगायींबद्दल, त्या कधी शिजणार किंवा कधी काढणार याशिवाय काही विचारणारं हे पहिलंच माणूस होतं. डोरकासबाई एकदा भांडी विसळताना म्हणाल्या, "प्रमुख तुम्हीच होणार, टीचर. कोट इस्त्रीला टाकू का?" सरांनी जाऊन कोट कुठे आहे ते पाहिलं.

मग ते अक्राला गेले. पहिल्या ऑफिसात सांगितलं, गोगलगाय म्हणजे शेती. शेतीवाल्यांनी विचारलं, पाण्यातली? मग मासेवाल्यांकडे. मासेवाल्यांनी विचारलं, खात नाही? मग आमच्याकडे कशाला आलात? सर बाकावर बसले, उठले, दुसऱ्या बाकावर बसले. रात्र बायकोच्या चुलतबहिणीच्या सोफ्यावर काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका कंटाळलेल्या साहेबाने शिक्का मारला, 'घरगुती, शोभेच्या, खाण्यास अयोग्य.' त्या शेवटच्या दोन शब्दांनी सरांना गोगलगायींच्या वतीने अपमान झाल्यासारखं वाटलं. पण सूट मिळाली होती. मिस आम्पोन्साने न पाहिलेला माणूस आता तिला पाहायला मिळणार होता. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून सर उद्याची वाक्यं जुळवत आले.

घरात शिरताच वास आला. मोमोनेचाच, पण मोमोनेला न शोभणारा. डोरकासबाईंची रात्रपाळी होती. त्या सकाळी येऊन झोपल्या, उठल्यावर त्यांनाही वास आला होता, पण सासरच्या वडील बाईच्या पुडक्याला नावं कशी ठेवणार, म्हणून त्यांनी खिडक्या उघडल्या आणि गप्प बसल्या. मामे सेरवा टँकशेजारी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, चेहऱ्यावर एखादं चांगलं काम करून बसल्याचं समाधान.

"आलास? बघ तरी, तुझं घर भरलं."

टँकच्या झाकणावर मिरच्या वाटायचं मातीचं जडशीळ भांडं पालथं घातलेलं होतं. आत पाणी नव्हतं, त्याचं पातळ दूधच झालं होतं. त्या दुधात मामेच्या टोपलीतल्या चार प्रचंड जंगली गोगलगाई कवचातून बाहेर लोंबून फुगलेल्या. जमिनीवरची गोगलगाय पाण्यात बुडते, हे जंगलाच्या कडेला जन्म काढलेल्या म्हातारीला कधी कळायची गरजच पडली नव्हती, कारण तिला पाण्यात ती एकदाच घालायची असते, उकळत्या. गोगलगाई रात्रीतून झाकण उचलून पळतात हे मात्र तिला पक्कं माहीत होतं, म्हणून ते भांडं. आणि ते भांडं होतं म्हणूनच, पाणी नासल्यावर वर चढून आलेल्या सरांच्या गोगलगायींना बाहेर पडता आलं नव्हतं. त्या सगळ्या झाकणाच्या कडेला चिकटून मेल्या होत्या. पिल्लंही. तिलापियासुद्धा उलटे तरंगत होते. आता नियमात बसेल किंवा न बसेल असं काहीच उरलं नव्हतं.

"तुझ्या फार रोड होत्या," मामे म्हणत होती. "म्हटलं जातवंत संगत मिळाली तर—"

"डोळे नाहीत तर निदान अक्कल तरी वापरायची होती," सर ओरडले.

ते आयुष्यात कधी ओरडले नव्हते. वर्गातही नाही. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. तेत्ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. डोरकासबाई दारात येऊन थांबल्या, त्यांनी टँक पाहिला, मामेकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "टीचर, बाहेर जा."

सर परसात पपईखाली जाऊन उभे राहिले. आत येऊन क्षमा मागायचं त्यांच्या मनात होतं, पण आधी राग उतरू दे, मग जाऊ, असं करता करता बराच वेळ गेला. आत आले तेव्हा मामे कापडाचं गाठोडं बांधून बसली होती. तिने फोनवरून डॉनकोरला बोलावलं होतं. डॉनकोर आला आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो काहीच बोलला नाही. म्हातारीला त्याने ट्रोट्रोच्या पुढच्या सीटवर बसवलं, तिचे पाय उचलून आत ठेवले आणि गाडी हळू चालवत नेली.

मंगळवार गेला. ऑपरेशनची खाट दुसऱ्याला मिळाली. डोरकासबाईंनी पुढची तारीख मागितली तर ती ईस्टरनंतरची निघाली.

कुळाची बैठक झाली तिथे सरांना बोलावणं होतं, पण बसायला जागा मागच्या रांगेत. एका म्हाताऱ्याने त्या जुन्या म्हणीची आठवण करून दिली आणि पुढे जोडलं, "यंदा रानात बार झाला बरं का." कुणी हसलं नाही. मामे सेरवाने डॉनकोरचं नाव घेतलं. सरांना कुळाने दंड केला. मेंढा, श्नॅप्स दारूची एक बाटली, आणि गावी जाऊन सगळ्यांदेखत क्षमा.

क्षमा मागायला आपण स्वतः तोंड उघडायचं नसतं, बोलणारा माणूस सोबत न्यायचा असतो. तेत्तेंनी ते काम मागून घेतलं. त्यांना परक्या जमिनीची मोजणी मिळाल्यासारखा आनंद झाला होता. मामेच्या अंगणात, कडुलिंबाखाली, डॉनकोर पहिल्या खुर्चीत, वडीलमंडळी भोवती, मेंढा खांबाला बांधलेला, आणि तेत्ते उभं राहून बोलू लागले. त्यांनी पावसाच्या पाण्यापासून सुरुवात केली. चुना, टरफलं, टँकची लांबी-रुंदी, झाकण आणि पाणी यांतलं अंतर. मेंढा मधेच ओरडला तेव्हा त्यांनी थांबून त्याला बोलू दिलं आणि पुढे चालू ठेवलं. सर मान खाली घालून बसले होते. आपल्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कुणी इतक्या बिनचूकपणे सांगावी, याहून मोठा दंड कुळाला सुचला नसता.

"पुरे," मामे म्हणाली. "मला कळलं. सेथ, इकडे ये."

सर जवळ जाऊन वाकले.

"डॉनकोर ओरडतो," ती म्हणाली, "पण सगळ्यांवर ओरडतो. माणसाला सवय होते. तुझी कुणाला सवय नाही. म्हणून त्याचं नाव घेतलं. रागाने नाही."

"हो, मामे."

"तुझ्या मेल्या त्याचं मला वाईट वाटलं. ती पडणारी होती, तिचं जास्त वाटलं. रात्री आठवते."

सरांनी नुसती मान हलवली, मग लक्षात आलं की तिला ती दिसत नाही. "हो," ते म्हणाले.

"माझ्याही चार मेल्या, सेथ," ती म्हणाली. "त्यांचं कुणी काही बोललं नाही. एवढा वेळ या गृहस्थांनी चुन्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. माझ्या चारांचं नाही. दोन दिवस रानात चाचपत होते मी. पहिल्या दिवशी तर हाताला नुसते दगड आले."

तेत्ते खाली बसले. डोरकासबाई जमिनीकडे बघत होत्या. सर गुडघ्यांवर बसले. हे रिवाजात नव्हतं, उपमुख्याध्यापकांच्या पँटलाही ते झेपणारं नव्हतं. ते म्हणाले, "त्या चारांसाठीही क्षमा कर, मामे. त्यांच्यासाठी आधी कर."

तिने हात पुढे केला. तो त्यांच्या खांद्यावर पडायचा तो कानावर पडला, आणि तिथेच राहिला.

"झालं," ती म्हणाली. "आता जेवा."

डॉनकोरने प्रमुखाच्या आवाजात, म्हणजे नेहमीच्याच, ताटं मांडायला सांगितलं. कसावा कुटून केलेल्या फूफूचे गोळे आले, वर पामफळांचा रस्सा, आणि सरांच्या वाडग्यात, पाहुण्याचा मान म्हणून, सगळ्यात मोठी गोगलगाय, कापलेली, मिरपुडीत माखलेली. गेल्या वर्षभरात त्यांनी ती तोंडात घातली नव्हती. डोरकासबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वतःचा वाडगा थोडा सरकवला, अदलाबदल करायची तर करा म्हणून. सरांनी नकारार्थी मान हलवली.

मामे सेरवा शेजारीच बसली होती. तिने स्वतः घास घेतला नव्हता. मान किंचित तिरकी करून ती ऐकत होती. सर पहिला तुकडा चावू लागले. तो चिवट होता, बराच वेळ लागला. सगळं संपल्यावर त्यांनी रश्श्यात बोटं फिरवली, वाडगा तिला ऐकू जाईल असा जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "मामे, आणखी थोडं वाढायला सांग."